न उघडणारं विंदऊगे

खिडक्या विकून ज्याचं घर चालतं, त्याला खिडकी या शब्दाचा अर्थ एका गिऱ्हाइकानं शिकवावा, हे मला आजही पचलेलं नाही. वर त्या शिकवणीचा खर्चही माझ्याच बोकांडी बसला. ऐकणारे हसतात. बायको तर पहिल्या दिवसापासून हसते आहे. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मी सांगलीचा. डिप्लोमा करून कॅनडात आलो तो मॉन्ट्रियलला. फ्रेंच येत नव्हतं, त्यामुळे माझं प्रमाणपत्र कुणी उघडूनही पाहिलं नाही. एका पोर्तुगीज ठेकेदाराच्या हाताखाली खिडक्या बसवायला लागलो. तिथं खिडकीला ‘फनेत्र’ म्हणतात, तेवढ्या एका शब्दावर मी तिथले हिवाळे काढले. काम हातात बसल्यावर ओटावाच्या पश्चिमेला कनाटात आलो आणि खिडक्या-दारांचं स्वतःचं दुकान टाकलं. दोन हजारच्या दशकाची सुरुवात होती. टेलिकॉम कंपन्या माणसं काढत होत्या. पुण्या-मुंबईचे इंजिनियर माझ्याकडे बघून मान हलवायचे, की हा आत्ता धंदा काढतोय. मला दिसत होतं की लोक नवं घर घेण्याचं पुढे ढकलतायत, पण जुन्या घरात थंडी वाजतेच. मी उतरलो आणि तगलो.

तगलो त्याला आणखी एक कारण होतं. शाळेच्या सुट्ट्यांत मी मामाच्या कापडदुकानात गादीवर बसायचो. मामाचा नियम असा, की गिऱ्हाईक ज्या शब्दानं माल मागेल तोच शब्द आपण उचलायचा. बाई म्हणाली मोरपिशी, तर साडी नुसती निळी असली तरी म्हणायचं, “मोरपिशीच आहे ताई, उजेडात बघा.” शब्द त्यांचा, माल आपला. बाईला वाटतं, याला माझ्या मनातलं कळलं. मी हा नियम कॅनडात तसाच चालवला. कुणी ‘कोझी’ म्हणालं की मीही कोझी, कुणी ‘कंटेम्पररी’ म्हणालं की मीही कंटेम्पररी. एकदाही अंगाशी आलं नव्हतं.

दुकानापासून जवळच एक गल्ली होती. सगळी घरं एकाच बिल्डरनं एकदम बांधलेली, त्यामुळे सगळ्यांच्या लाकडी चौकटी एकदमच कुजायला लागलेल्या. हिवाळ्यात तिथून गाडी नेताना मला काचांच्या आतून धरलेला बर्फ दिसायचा. अशा गल्लीत पहिलं घर मिळालं आणि तो माणूस खूश राहिला, की बाकीचे आपोआप येतात. पहिलाच बिघडला, तर ती गल्ली कायमची गेली समजायचं. मला ती गल्ली हवी होती.

पहिला फोन आला तो कोपऱ्यावरच्या घरातून. म्हातारा नॉर्वेतून तरुणपणी आलेला, हायस्कूलात शिकवून निवृत्त झालेला. उंच, वाळका, एकटा. मी टेप घेऊन खिडक्या मोजत होतो आणि तो माझ्यामागून कॉफीचा कप घेऊन हिंडत होता. मोजून झाल्यावर मी आकडा सांगितला. तो म्हणाला, “मला सूट मिळायला हवी.”

“सगळ्यांनाच हवी असते, सर. तुम्हाला का?”

“तुम्ही काय विकता?”

“विंडोज.”

“तो शब्द आमचा आहे. आमचे लोक हजार वर्षांपूर्वी बोटींतून इंग्लंडवर चालून गेले, तेव्हा त्यांनी तो तिथं नेला. नॉर्वेत आमच्या गावाकडच्या दरीत अजून म्हणतात, विंदऊगे. तुम्ही आमचाच माल आम्हाला विकताय.”

मला माणूस आवडला. घासाघीस करायला येणारे बहुतेक लोक दुसऱ्या दुकानाचा आकडा पुढे करतात. हा शब्द पुढे करत होता.

“तुमच्या लोकांनी तिथं नुसता शब्दच ठेवला, की येताना काही उचललंही?” मी विचारलं.

तो एवढा हसला की कप खाली ठेवावा लागला. मग आमचं ठरलं, की जुन्या खिडक्या काढून नेण्याचं मी काही लावणार नाही. ते मी एरवीही सोडूनच देतो, पण ते त्याला सांगायची गरज नव्हती.

प्रश्न उरला तो मागच्या बाजूच्या, उत्तरेकडच्या खिडकीचा. कनाटात उत्तरेची खिडकी म्हणजे घराला पडलेलं भोक. मी त्याला फिक्स खिडकी सुचवली. तीन काचा, चौकटीत पक्की बसवलेली, उघडायची सोयच नाही, त्यामुळे वारा शिरायला फटही नाही. फॅक्टरीकडून ती मला चांगल्या भावात मिळायची, हेही खरं. म्हातारा बोट उगारून म्हणाला, “ठीक आहे, पण मला खरंखुरं विंदऊगे पाहिजे.”

मी मनानं मामाच्या गादीवर बसलो होतो. म्हणालो, “विंदऊगेच देतो सर. फर्स्ट क्लास विंदऊगे.”

त्यानं माझे उच्चार दोनदा सुधारले आणि खाली सही केली. कागदावर त्या खिडकीसमोर ‘फिक्स’ असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ही गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही.

घरी आल्यावर बायकोला तो शब्द म्हणून दाखवला. “विंदऊगे. ऐकायला विन-डोळेच वाटतं की नाही? डोळे नसलेली. फिक्स खिडकीला काय फिट्ट नाव आहे बघ.”

ती मंडळाच्या रविवारच्या शाळेत पोरांना मराठी शिकवते. म्हणाली, “अहो, नॉर्वेत ‘विना’ला ‘विन’ म्हणतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“गंमत करतोय गं.”

“गंमत ठीक आहे. अर्थ विचारला होतात का त्यांना?”

मी म्हणालो, अर्थ काय विचारायचा, खिडकी म्हणजे खिडकी.

मला पुढे जे भोगावं लागलं ते या एका वाक्यापायी, असं तिचं मत आहे. माझं नाही.

खिडक्या तयार होऊन आल्या त्या पानं गळायच्या सुमाराला. माझा फिटर पंजाबी, माझ्याच वयाचा, हात सोन्यासारखा. पुढच्या खिडक्या दुपारपर्यंत बसल्या. गल्लीतले दोन-तीन जण कुत्री फिरवायच्या निमित्तानं थांबून बघून गेले. एका बाईनं माझं कार्ड मागून घेतलं. मग आम्ही मागची बसवली. फटी बुजवल्या, काच पुसली. म्हातारा आला, काचेसमोर उभा राहिला आणि चौकटीवरून हात फिरवायला लागला. अंधारात माणूस भिंतीवर दिव्याचं बटण शोधतो तसा.

“हँडल कुठे आहे?”

“ही फिक्स आहे सर.”

“पण उघडते कुठून?”

फिटर माझ्या कानाशी लागला. “पाजी, ये खोलने को बोल रहा है.”

“सुन लिया मैंने.”

म्हातारा वळला. चिडला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं, चिडण्यात मी कुणाला हार जात नाही. तो वर्गात उभा राहिल्यासारखा बोलायला लागला.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं? विंदऊगे. तुम्ही काय म्हणालात? विंदऊगेच देतो. विंद म्हणजे वारा. ऊगे म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. पूर्वी आमच्या घरांना काच नव्हती. भिंतीला भोक ठेवायचे, त्यातून वारा यायचा, कोंडलेली हवा जायची. ते भोक म्हणजे विंदऊगे. ओस्लोतल्या लोकांनी झिजवून झिजवून त्याचं ‘विंदू’ केलं, त्यांचा डोळा गेला. इंग्रजांचं ‘विंडो’ झालं, त्यांचाही गेला. जर्मनांनी तर लॅटिन शब्दच उचलला. आमच्या दरीत अजून दोन्ही भाग शाबूत आहेत. आणि यातून,” त्यानं काचेवर टिचकी मारली, “वारा येत नाही.”

“वारा येऊ नये म्हणून तर लोक माझ्याकडे येतात.”

“मी रोज सकाळी खिडकी उघडतो. उणे वीस असलं तरी.”

मी आयुष्य घरातली ऊब घरात ठेवण्यावर काढलं, आणि हा माणूस ती रोज सकाळी हातानं बाहेर सोडत होता. मी खिशातून कागद काढला. “सर, इथं फिक्स लिहिलंय. ही सही तुमची आहे.”

“सही माझी आहे,” तो म्हणाला. “शब्द तुमचा आहे.”

इतक्यात कार्ड घेऊन गेलेली बाई परत फिरताना कुंपणापाशी थांबली. म्हाताऱ्यानं तिला हात केला आणि म्हणाला, “आम्ही एका शब्दाचा अर्थ ठरवतोय.” ती थांबली. थांबायला नको होतं. मला त्या बाईच्या मागे सगळी गल्ली उभी दिसली.

मी म्हटलं, मी उद्या येतो.

घरी येऊन मी किती बोललो ते आठवत नाही. सही त्याची, कागद त्याच्यासमोर भरलेला, मापानं बनवून घेतलेला माल फॅक्टरी परत घेत नाही. मुलगी तेव्हा हायस्कूलला होती, ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, “डॅड, जस्ट गिव्ह हिम द विंडो.” मराठीत भांडायला घरात बायको एकटीच. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “वाऱ्याचा डोळा. किती छान आहे. आणि आपलं गवाक्ष?”

“गवाक्षाचं काय?”

“गो आणि अक्ष. गाईचा डोळा. खिडकीच की. आणि तुमचा तो ऊगे आणि आपला अक्ष एकाच मुळातले असतील, आम्हाला संस्कृतच्या बाई असं काहीतरी सांगायच्या. विंद म्हणजे वात असेल.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाईच्या डोळ्यात वाऱ्याचा संबंधच नव्हता. डोळा म्हणजे बघायची सोय. मी बघायची सोय दिली होती, तीही तीन काचांची. त्याच्या जोडशब्दातला अर्धा भाग मी पोचवला होता. आता भांडण उरलं होतं ते उरलेल्या अर्ध्याचं, आणि अर्ध्यावर सौदा कसा करायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

बायकोनं पोळी तव्यावर टाकली. “फक्त गवाक्षच सांगा हं. वातायन म्हणू नका.”

“ते काय?”

“तोही खिडकीलाच शब्द आहे. वात म्हणजे वारा, अयन म्हणजे वाट. वाऱ्याची वाट. तो तुमच्या उपयोगाचा नाही.”

मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. म्हाताऱ्यानं टेबलावर जाडजूड शब्दकोश काढून ठेवले होते. मी मनात म्हटलं, ठेव. बसलो, त्याची काळी कॉफी प्यालो आणि गवाक्ष काढलं. त्याचे डोळे चमकले. त्यानं शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, अक्ष वेगळा काढला, पुस्तकात बघितलं, आणि खरोखरच ऊगे आणि अक्ष एकाच घराण्यातले निघाले. तो मला म्हणाला, “म्हणजे आपण नातेवाईक आहोत.”

“नातेवाईक आहोत तर ऐका. डोळा मी दिलाय. राहिला वारा. आता एवढी मोठी काच मी परत नेऊन करू काय? आपण असं करू. ही राहू दे. शेजारच्या भिंतीत एक लहान उघडणारी खिडकी काढून देतो. तिच्यातला निम्मा खर्च माझा. डोळा इथं, वारा तिथं. शब्द पुरा.”

सौदा चांगला होता. आजही मी तो कुठल्याही मध्यस्थासमोर मांडीन. म्हाताऱ्यानं मान डोलावली, आणि मला वाटलं, पडला. याला मी गल्लीतला पहिला खूश माणूस करून इथून उठणार.

मग तो म्हणाला, “पण तुमची गाय बिचारी नुसतीच बघते. मला तुमच्या भाषेचं वाईट वाटतं. एवढा उष्ण देश, आणि खिडकीच्या नावात वाऱ्याचा पत्ता नाही. आमच्या थंड देशानं बघा, वारा पहिला ठेवला.”

हे तो मुद्दाम म्हणाला की सहज, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही. शिक्षकी पेशातली माणसं अशीच गळ टाकतात. पण कुणी माझ्या भाषेला बिचारी म्हटलेलं मला खपत नाही. मॉन्ट्रियलमध्ये मी फ्रेंचपायी फार ऐकून घेतलं होतं.

“पत्ता नाही?” मी म्हणालो. “आमच्याकडे वातायन आहे. वात म्हणजे वारा. अयन म्हणजे वाट. वाऱ्याची वाट. तुमचे लोक बोटी बांधत होते की नाही कोण जाणे, तेव्हापासून आहे.”

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

म्हाताऱ्यानं पुस्तक मिटलं. हसला नाही, तेवढी सभ्यता त्याच्यात होती. “म्हणजे तुमच्याकडेही,” तो म्हणाला, “खिडकी म्हणजे वारा येण्याची जागा.”

“तो वेगळा शब्द आहे.”

“वात आणि विंद हेही नातेवाईकच असणार. बघू?” आणि त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं. होतेच. त्यानं ते पान माझ्यापुढे सरकवलं. मी पाहिलं नाही.

“सर, सही तुमची आहे.”

“आहे. मी नाकारत नाही. तुम्ही म्हणाल तर मी ही खिडकी ठेवून घेतो.” तो उठला आणि पुढच्या दारापाशी गेला. “फक्त शेजारी विचारतील तेव्हा मी खरं ते सांगेन.”

यापेक्षा सभ्य धमकी मला या देशात कुणी दिलेली नाही. मी परत टेप काढली.

उघडणारी खिडकी आली ती बर्फ पडायला लागल्यावर. बाजूला फिरवायचा दांडा, तो फिरवला की पूर्ण उघडणारी. म्हाताऱ्यानं ती उघडली, आम्ही दोघं कोट घालून आत उभे, आणि उत्तरेचा वारा त्याच्या टेबलावरची पानं उलटत होता. त्यानं डोळे मिटले होते. फिटर म्हणाला, “पाजी, बंदा खुश है.” मी म्हणालो, “चलो, औजार उठाओ.”

गल्ली मला मिळाली, हेही सांगितलं पाहिजे. घरं पुढच्या उन्हाळ्यात एकामागून एक आली. पण कशी आली ते ऐका. त्यांची गल्लीतली बार्बेक्यू पार्टी होती, म्हाताऱ्यानं मलाही बोलावलं. मी बायकोला घेऊन गेलो. बघतो तर हा बर्गर उलटता उलटता घोळक्याला सांगतोय, “विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. आणि गंमत म्हणजे संस्कृतात वातायन! वात आणि विंद, अक्ष आणि ऊगे. मी शोधून काढलं.” मग माझ्याकडे हात करून, “हे आमचे खिडकीवाले. यांना अर्थ माहीत नव्हता, मी सांगितला. आता यांच्याइतकं चांगलं विंदऊगे इथं कुणी देत नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो, काय करणार, समोर अख्खी गल्ली उभी होती. वात माझा. अक्ष माझा. गवाक्ष, वातायन, सगळा माल माझ्या घरातून गेलेला, आणि त्यावर नाव त्याचं. वर मी अडाणी, असं मी बायकोच्या कानाशी पुटपुटलो.

“तुमचा कुठे?” बायको हळूच म्हणाली. “माझा होता.”

त्या उन्हाळ्यात प्रत्येक घरात मला ‘विंड-आय’ मागितली गेली. प्रत्येक घरात कुणीतरी मला तिचा अर्थ समजावून सांगितला. मी मामाच्या नियमानं मान डोलावली. कोटेशन लिहिताना मात्र विचारून घ्यायला लागलो, उघडणारी की न उघडणारी, आणि दोनदा विचारायला लागलो. त्यामुळे लोकांचा माझ्याबद्दल असा समज झाला की मी थोडा मंद आहे.

उरली ती फिक्स खिडकी. दुकानात आल्यागेल्याच्या पायात यायची. त्या मापाचं गिऱ्हाईक काही आलं नाही. माल पडून राहिलेला मला बघवत नाही. आमच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी जुनीच होती, वाकलेल्या चौकटीतून वारा शिट्ट्या घालायचा. चौकट थोडी रुंद केली की बसणार होती. बायको म्हणाली, नको. मी म्हटलं, तीन काचा आहेत, बाजारात घ्यायला गेलीस तर कळेल. रविवारी ती रविवारच्या शाळेत गेली तेव्हा फिटरला बोलावून बसवून टाकली. हिवाळ्यात ओट्याशी उभं राहिलं तरी पाय गार पडत नाहीत. हे तिनं आजवर एकदाही कबूल केलेलं नाही.

अडचण फक्त फोडणीची आहे. मोहरी तडतडली, लाल मिरची पडली, की धूर वर चढतो, पंखा म्हणावा तसा ओढत नाही, आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागतो. मग मुलगी टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारते, आणि मी मागचं दार सताड उघडून, बर्फात अर्धा बाहेर, अर्धा आत, दार धरून उभा राहतो. घरातली सगळी ऊब माझ्या अंगावरून अंगणात जाते.

परवाही तेच. आमटीची फोडणी होती. बाहेर उणे वीसच्या खाली असेल. मी दारात कुडकुडत म्हणालो, “पण माझं काय चुकलं ते सांग. फिक्स लिहिलं होतं. सही त्याची होती.”

बायकोनं कढईवर झाकण ठेवलं आणि वर कोकलणाऱ्या अलार्मकडे पळी केली.

“त्याला दाखवा सही,” ती म्हणाली. “गप्प बसतो का बघू.”